बाणाखालचा ठिपका

मार्लीस टाउबर्टला विचारलेला प्रश्न साधा होता. बाणाखालचा ठिपका पेटलेला होता की नव्हता? उत्तर एका शब्दाचं. हो म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात ती पुन्हा ट्रामवर चढली असती. नाही म्हटलं असतं तर चालकाची खुर्ची गेली असती, पण निदान विषय तरी संपला असता. ती म्हणाली, "माहीत नाही."

चौकशी अधिकारी ब्रेटश्नायडर यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माहीत नाही म्हणजे दिसला नाही, की आठवत नाही, टाउबर्टबाई?"

"या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या तेच कळत नाहीये मला."

तिच्या बाजूनं फाल्क ओमिशेन बसला होता. फाल्क डेपोतला जुना प्रशिक्षक. नव्या चालकांना तोच शिकवतो, आणि कुणावर असा प्रसंग आला की कामगारांच्या वतीनं शेजारी बसायलाही तोच येतो. त्यानं टेबलाखालून तिच्या बुटाला आपला बूट लावला. तिनं पाय मागे घेतला.

बाहेर आल्यावर तो जिन्यातच तिच्यावर घसरला. "एक शब्द! एक शब्द बोलायचा होता तुला. होता ना ठिपका?"

"असेल."

"असेल काय? रस्त्याखालची पेटी जळून गेलीय. त्यात काय होतं काय नव्हतं, देवालासुद्धा सिद्ध करता येणार नाही. तू हो म्हणालीस की संपलं."

"आणि नसला तर?"

"मार्लीस, गाडीतली ती बाई उभी आहे अजून. मेली नाही ती."

"उभी नाहीये," मार्लीस म्हणाली. "खुब्याचं हाड मोडलंय तिचं."

लाइपझिगच्या पश्चिम भागात एक चौक आहे. पाटीवर त्याचं नाव काहीही असो, ट्रामवाले त्याला कात्री म्हणतात. दोन मार्ग तिथे इतक्या अरुंद कोनात एकमेकांना कापतात की चालकाच्या खुर्चीतून पाहिलं तर रूळ उघडलेल्या कात्रीसारखे दिसतात. एक पातं सरळ स्टेशनाकडे जातं, दुसरं डावीकडे लिंडेनाउकडे. या पात्यांच्या तोंडाशी सांधा आहे. ट्रामचे सिग्नल मोटारींसारखे लाल-हिरवे नसतात. पांढरी रेघ आडवी असली तर थांबायचं, उभी राहिली की निघायचं. सांध्याचा सिग्नल याहून निराळा, लहान आणि खाली. त्यात एक बाण असतो आणि बाणाखाली एक ठिपका. बाण सांगतो की सांधा कुठल्या बाजूला वळलेला आहे. ठिपका सांगतो की तो तिथे घट्ट बसला आहे आणि गाडीचं शेवटचं चाक जाईपर्यंत हलणार नाही. ठिपका नसेल तर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, सांध्याचं पातं रुळाला चिकटलंय का ते डोळ्यांनी पाहायचं, आणि मग चालत्या माणसाच्या वेगानं गाडी न्यायची. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी मार्लीसची लांबलचक गाडी कात्रीवर डावीकडे वळली. पुढची चाकं वळली, मधली वळली. मग तिनं आरशात पाहिलं, तर गाडीची शेपटी शेजारच्या रुळावरून सरळ चालली होती. आपलीच गाडी आपल्याला सोडून दुसरीकडे निघालेली. तिनं ब्रेक दाबला तोवर मधला सांगाडा आडवा होऊन थांब्याच्या खांबावर आदळला होता. दाराशी लिंडिग नावाच्या एक वयस्क बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या पडल्या.

दोष पुढे सापडला. रस्त्याखालच्या लोखंडी पेटीत पाणी शिरलं होतं, सांध्याचं कुलूप धरत नव्हतं, गाडी अंगावर असताना सांधा फिरला. मात्र त्याच वेळी पेटीत वीज भडकली आणि आतलं सगळं जळालं. ठिपका खोटाच पेटून राहिला होता की विझलेला होता, हे सांगू शकणारं यंत्र उरलं नाही. गाडीतल्या यंत्रानं तिचा वेग नोंदवला होता, ब्रेक नोंदवला होता, घंटाही नोंदवली होती. डोळे कुठे होते ते कुठलंच यंत्र नोंदवत नाही.

मार्लीस एकोणिसाव्या वर्षी ट्रामवर आली. तेव्हा देशात भिंत होती. वडील प्लागविट्झच्या कापूस गिरणीत होते, आईही तिथेच, आणि मोठी बहीणसुद्धा. गिरणीत काम करून आई बहिरी होत चालली होती. जेवताना घरात सगळेच ओरडून बोलायचे. मार्लीसला ओरडायचं नव्हतं. ट्रामच्या चालकाशी बोलू नये अशी पाटी असते, हे तिला फार आवडलं होतं, असं ती गमतीनं सांगत असे.

त्या काळी सांधे पायानं फिरायचे. वरच्या तारेला एक पेटी टांगलेली असायची. तिच्याखालून जाताना पाय दाबून वीज घेतली की सांधा वळायचा, पाय उचलून गाडी नुसती वाहू दिली की सरळ राहायचा. थंडीत पात्यांमध्ये बर्फ बसला की पहार घेऊन खाली उतरायचं आणि सांधा हातानं फिरवायचा. बोटं पहारीला चिकटायची. नंतर नव्या गाड्या आल्या. आता गाडीच आपला मार्ग जाणते, सांध्याला लांबूनच सांगते, सांधा आधीच वळून बसतो. चालकानं फक्त बघायचं. वर्षानुवर्षं मार्लीस फक्त बघत होती. हजारो वेळा बाण, हजारो वेळा ठिपका, आणि एकदाही काही चुकलेलं नाही. त्यातला एकही ठिपका तिला वेगळा आठवत नव्हता.

ती लिंडिगबाईंना भेटायला रुग्णालयात गेली. फाल्क म्हणाला होता, जाऊ नकोस, वकील काय म्हणतील. ती पेरूच्या आकाराची नासपती आणि बेकरीतला खसखशीचा केक घेऊन गेली. लिंडिगबाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"तुम्ही त्या ट्रामवाल्या ना? बसा हो. केक कशाला आणलात, इथे सारखा केकच देतात." मग त्या तिच्याकडे वाकून म्हणाल्या, "मला विचारायला आले होते ते लोक. मी सांगितलं, चालकबाई समोरच बघत होत्या. मी पुढच्याच दाराशी होते, काचेतून दिसत होतात तुम्ही."

"समोर तर बघणारच," मार्लीस म्हणाली. "खुर्चीच तशी बसवलेली असते."

लिंडिगबाई हसल्या. मार्लीसही हसली. या बाई तिला सोडवायला निघाल्या होत्या.

मे महिन्यात निकाल लागला. कुलपाचा दोष सिद्ध, चालकाविरुद्ध काही सिद्ध नाही. मार्लीस कामावर परतली.

ट्रामवाल्यांची एक रीत आहे. समोरून गाडी आली की दोघंही चालक एक हात उचलतात, जेमतेम, हँडलवरून पंजा वर येतो तेवढाच. भांडण असलं की हात उचलत नाहीत. दोन चालकांमध्ये काय चाललंय ते डेपोला असंच कळतं. पहिल्या दिवशी मार्लीसला समोरून येणाऱ्या प्रत्येकानं हात केला, आणि नेहमीपेक्षा उंच केला. कुणी कुणी तर हलवलासुद्धा. आजारी माणसाला खिडकीतून हात हलवतात तसा. तिला ते झोंबलं.

आणि ती सांध्यापुढे थांबू लागली.

कात्रीवर थांबली असती तर कुणी काही बोललं नसतं. ती सगळ्याच सांध्यांपुढे थांबायची. गाडी उभी करायची, बाण बघायची, ठिपका बघायची, मग हँडल पुढे करायची. हँडल पुढे केलं की मनात यायचं, आत्ता पाहिला तो ठिपका आत्ताचाच होता का? की मघाच्या चौकातला अजून डोळ्यात आहे? पुन्हा ब्रेक. तोवर उभी रेघ आडवी व्हायची. मग मोटारींचा सगळा फेरा, सायकलींचा, पायी चालणाऱ्यांचा, आणि पुन्हा आपली पाळी.

"अकरा नंबर, कात्रीवर काही अडचण आहे का?" नियंत्रण कक्षातून आवाज यायचा.

"सांधा बघतेय."

"दिसत नाहीये का?"

"दिसतोय."

"मग?"

ती पुन्हा बाणाकडे बघायची.

ती मोठ्यानं बोलायला लागली. बाण डावा, ठिपका आहे. बाण सरळ, ठिपका आहे. त्यानं थोडं बरं वाटलं. मग पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका गृहस्थांनी तक्रार केली की अकरा नंबरवरची बाई एकटीच बडबडते, तिच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

तिच्या मागून बस्सामची गाडी यायची. बस्साम सीरियातल्या हलबहून आलेला, काही वर्षांपूर्वी फाल्कच्याच हाताखाली तयार झालेला, डेपोतला सगळ्यात वटवट्या माणूस. तिच्यामागे दोन-तीन गाड्या साचायच्या, त्यातली पहिली त्याची.

"मार्लीस, एक विनंती," तो चहाच्या यंत्रापाशी म्हणाला. "कात्रीवर थांबायच्या आधी मला कळव. मी घरून जेवण करून येईन."

"तुझ्या पोटाकडे बघता थोडं उशिरा जेवलास तरी चालेल."

बाकीचे हसले. बस्साम हसला नाही. सगळे पांगल्यावर तो तिच्याजवळ आला. "खरं सांगू? मी तुझ्या मागे उभा असतो ना, तेव्हा मीपण ठिपका बघतो. नीट. आणि मग मला वाटतं, काल कधी बघितला होता मी? तू हे बंद कर, मार्लीस. चिकटतंय हे."

घरी डेटलेफ होता. तिचा नवरा, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. शहराबाहेर रेल्वेलगत त्यांचा बागेचा एक तुकडा आहे, त्यात लाकडी खोली, गूजबेरीची झुडपं. उन्हाळ्यात दोघं तिथेच असतात. डेटलेफनं बटाटे उकडले होते, चक्का फेटला होता, वर जवसाचं तेल ओतलं होतं.

"सोड ना," तो म्हणाला. "किती राहिलंय निवृत्तीला? डोकं फिरवून घेण्याइतकं नाही."

"सोडून काय करू?"

"त्यांनी सांगितलंय ना, हरवलेल्या वस्तूंचा विभाग."

हे खरं होतं. ब्रेटश्नायडर यांनी तिला बोलावून अगदी सभ्यपणे सांगितलं होतं. गाड्या खोळंबतात, तक्रारी येतात. फाल्क तिच्यासोबत एकदा पूर्ण फेरी करेल. ती नेहमीसारखी झाली तर प्रश्नच नाही, खुर्ची तिची. नाही झाली तर डेपोमागच्या तळघरात हरवलेल्या वस्तूंचं टेबल रिकामं आहे. पगार तोच.

"छत्र्या," मार्लीस म्हणाली. "दिवसभर छत्र्या. आणि कवळ्या."

"कवळ्या विसरतात ट्राममध्ये?"

"तुला कल्पना नाही काय काय विसरतात."

डेटलेफनं तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "मी खाणीत यंत्र चालवायचो तेव्हा काय प्रत्येक फावड्याला विचार करायचो? हात करतात. माणूस दुसरीकडे असतो. तसंच असतं काम."

"तुझ्या यंत्रात माणसं बसायची नाहीत."

त्यानं तेलाची बाटली बंद केली आणि झुडपांना पाणी घालायला गेला.

खुर्ची तिला हवी होती, यात काही शंका नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नको होतं. पहाटेच्या पहिल्या गाडीत लोक झोपेत चढतात, कुणी बोलत नाही, रूळ पुढे ओले चमकत असतात. त्या वेळी तिला आपण या शहराच्या उपयोगाचे आहोत असं वाटायचं. हे तिनं डेटलेफलाही कधी सांगितलं नव्हतं. फेरीच्या आदल्या दिवशी ती रजेवर होती, तरी बसनं कात्रीवर गेली आणि थांब्यावर उभी राहून गाड्या जाताना पाहत राहिली. प्रत्येक चालकाचा चेहरा समोर. कोण बघतंय आणि कोण नुसतंच समोर तोंड करून बसलंय, बाहेरून काही कळत नव्हतं.

फेरी सकाळची होती, जूनमधली, लख्ख उन्हाची. फाल्क तिच्या मागच्या घडीच्या बैठकीवर बसला आणि बसल्याबसल्या बोलायला लागला. तो तसं ठरवूनच आलेला असणार.

"पोरीचं लग्न ठरलं माझ्या."

"कुणाशी?"

"सायकलवाला आहे. म्हणजे सायकली दुरुस्त करतो. मी म्हटलं, अगं, आयुष्यभर तुझ्या बापानं त्या लोकांना रुळावरून घंटा वाजवून हाकललं, आणि तू घरात आणतेस?"

मार्लीस पहिल्या सांध्यापुढे थांबली. बाण बघितला, ठिपका बघितला, निघाली. फाल्क बोलतच राहिला, जणू गाडी थांबलीच नव्हती. दुसऱ्या सांध्यापुढे ती जरा कमी थांबली. मग त्यानं नेस्टलरबाईंचा विषय काढला. दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. नेस्टलरबाईंच्या हातात चामड्याचा मोजा असायचा आणि तारेवरच्या पेटीखाली पाय उचलायला विसरलं की तो मानेवर बसायचा.

"तुला आठवतं, तू गाडी चुकीच्या मार्गावर नेलीस आणि बाजारपेठेतून उलटी आणावी लागली?"

"ती मी नव्हे, तू."

"मी?"

"तूच! आणि नेस्टलरबाई खाली उतरून गाडीच्या पुढे चालत होत्या. मिरवणुकीसारख्या. लोक टोप्या काढत होते."

"अरे हो! कुणी तरी विचारलंसुद्धा, कोण वारलं म्हणून."

मार्लीस हसली. कितीतरी दिवसांनी पोटातून हसली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बाहीनं पुसलं. समोरून एक गाडी आली, तिनं हात उचलला, पलीकडच्या चालकानं उचलला, नेहमीएवढाच. थांबा आला, माणसं उतरली, चढली. एका लहान मुलाची चप्पल दारात अडकली, ती निघेपर्यंत थांबली. पुन्हा निघाली. पुढचा थांबा. लिंडेनाउचा बाजार दिसायला लागला.

"झालं की!" फाल्कनं तिच्या खांद्यावर थाप मारली.

"काय झालं?"

"कात्री गेली मागे. न थांबता. लोण्यातून सुरी जावी तशी गेलीस. मी मुद्दाम बोललो नाही तेव्हा, म्हटलं जाऊ दे." त्याचा चेहरा फुलला होता. "एकदम जुनी मार्लीस. ब्रेटश्नायडरला आत्ताच कळवतो."

मार्लीसनं गाडी थांब्यात नीट उभी केली. दारं उघडली. तिनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"ठिपका होता?"

"असणारच. गेलीस ना तू बरोबर."

"तू बघितलास?"

"मी तुझ्याकडे बघत होतो गं. तू कशी चालवतेस ते."

"म्हणजे दोघांनीही नाही बघितला."

"तू बघितला असशील. बघितल्याशिवाय जाईल का माणूस? सवयीनं बघितलास, म्हणून लक्षात राहिलं नाही. हेच तर बरं होणं आहे!"

"मार्चमध्येही मी बरी होते, फाल्क."

मागे कुणी तरी विचारलं की गाडी का निघत नाहीये. मार्लीसनं दारं लावली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गाडी नेली. वाटेतल्या दोन्ही सांध्यांपुढे ती थांबली, उतरली, वाकून पातं रुळाला चिकटलेलं आहे का ते पाहिलं, आणि चालत्या माणसाच्या वेगानं गाडी पुढे घेतली. एका बाईनं तिला काचेवर ठोकून घड्याळ दाखवलं.

शेवटच्या थांब्यावर माणसं उतरून गेल्यावर तिनं चावी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "परत तू ने."

"वेडी आहेस का? मी सांगतो की तू पास झालीस. दोन सांध्यांवर उतरलीस ते मला दिसलंच नाही असं समज."

"तेच तर, काय दिसलं आणि काय नाही हे आपण नंतर ठरवतो."

"मार्लीस, सगळे असंच चालवतात. मीसुद्धा. इतकी वर्षं मी पोरांना शिकवलं, ठिपका बघा, ठिपका बघा. प्रत्येक ठिपक्याचा विचार करत बसलो तर शहर बंद पडेल."

"माहीत आहे. बंद पडायला नकोच आहे." तिनं चावी त्याच्या तळहातावर ठेवली. "सोमवारपासून छत्र्या. ब्रेटश्नायडरला मीच सांगते."

तिनं आपला डबा, गॉगल आणि पाठीमागे घ्यायची छोटी उशी उचलली. केबिनमधून बाहेर येऊन ती प्रवाशांच्या जागेत बसली, चालकाकडे पाठ असलेल्या बाकावर. फाल्क थोडा वेळ उभाच राहिला. मग खुर्ची त्याच्या उंचीप्रमाणे खाली केल्याचा आवाज आला. गाडी निघाली. बाजार गेला, थांबे आले आणि गेले, डब्यात माणसं भरली. तिच्या समोरच्या तरुणानं कानात काही तरी घातलं होतं आणि तो झोपला होता.

कात्रीवर गाडी थांबली. खिडकीतून बाजूचा सिग्नल दिसत होता. आडवी रेघ गेली, उभी रेघ लागली. गाडी हलली नाही. मोटारी थांबून होत्या. उभी रेघ तशीच होती, आणि गाडी हलत नव्हती. मागच्या ट्रामनं घंटा वाजवली, एकदा, मग लांब.